आहे, तर दाखवा

सात कागदांची घडी काळ्या झग्याच्या आतल्या खिशात काही केल्या मावेना. सित्से विआर्डा यांनी ती एकदा उभी घातली, एकदा आडवी घातली, मग बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही तळव्यांनी जोर दिला. दंडधारी टामिंगा चांदीची मूठ असलेला दंड फडक्याने पुसत बाजूला उभा होता. पदवीच्या प्रत्येक समारंभात हा दंड आपटत पुढे चालायचं आणि पंचेचाळीस मिनिटं भरली की वाद थांबवायचा, हे त्याचं काम. तीस वर्षं तो ते करत होता आणि त्यातला एकही वाद त्याला कळला नव्हता, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"डबा आणलात की काय, प्रोफेसर? स्वागताला खायला भरपूर आहे."

"कागद आहेत."

"म्हणजे पोरीची काही खैर नाही," टामिंगा म्हणाला आणि पुन्हा दंड पुसू लागला.

घडी एकदाची खिशात गेली. विआर्डा मान वर करतात तोच समोर एव्हर्ट नाउटा. हे दोघे बावीस वर्षं विद्यापीठाच्या एकाच बोळात समोरासमोरच्या खोल्यांत बसत आले होते आणि बावीस वर्षांत त्यांनी एकमेकांना टोपी उचलण्यापलीकडे काही केलं नव्हतं. भांडण जमिनीचं नव्हतं, बाईचं नव्हतं, मानापानाचंही नव्हतं. संख्या असतात की नाही, यावरून ते भांडले होते. नाउटांचं म्हणणं, असतात. माणूस जन्मायच्या आधीही होत्या, आपण फक्त त्यांच्या भेटीला जातो. विआर्डांचं म्हणणं, माणसाने बांधलं तेवढंच गणित. ज्याला बांधून दाखवता येत नाही त्याने 'आहे' म्हणू नये. 'ती नाही असं धरलं तर सगळं उलटंपालटं होतं, म्हणून ती असलीच पाहिजे' अशा तऱ्हेचा पुरावा कुणी मांडला की विआर्डा शांतपणे म्हणत, "छान. पण आहे, तर दाखवा." या पाच शब्दांनी हॉलंडातली बरीच तरुण माणसं भर सभेत घामाघूम झाली होती.

"सित्से," नाउटा म्हणाले. एवढ्या वर्षांनी त्यांच्या तोंडून आपलं पहिलं नाव ऐकून विआर्डा चपापले. "तुझा तो प्रश्न विचार. जरूर विचार. पण मतं देताना जरा..."

"मतं देताना काय?"

"पाचांतलं एक मत जरी विरुद्ध पडलं तरी विशेष सन्मान जातो. सन्मान गेला की अ‍ॅमस्टरडॅमची जागा गेली. आफके मग जन्मभर आसेनला मुलींच्या शाळेत अपूर्णांक शिकवेल."

"अपूर्णांकांचं काय वाईट आहे?"

"थट्टा नको रे."

विआर्डांनी झग्याच्या गुंड्या लावल्या.

आफके दाइकेमा आधी त्यांचीच विद्यार्थिनी होती. कालव्यातून बटाटे आणि कोळसा वाहणाऱ्या नावेवर ती वाढली होती. सतराव्या वर्षी ती ग्रोनिंगनला आली तेव्हा तिला चालताना पाय फाकून टाकायची सवय होती आणि कुठलीही बेरीज केली की नऊचा ताळा घेतल्याशिवाय ती पुढे जात नसे. तीन वर्षं दर गुरुवारी ती विआर्डांच्या घरी वाटाण्याचं सूप प्यायला असायची. नवराबायकोंना मूलबाळ नव्हतं, आणि गुरुवारी रिन्स्के टेबलावर तिसरी थाळी आधीपासून मांडून ठेवायची. मग एका गुरुवारी आफके सूप न पिता म्हणाली, "तुमच्या रीतीने गेले तर मला दहा वर्षं लागतील, प्रोफेसर. आमच्या घरात दहा वर्षं कुणाकडेच नाहीत." ते एवढंच म्हणाले, "जाताना दार ओढून घे." दुसऱ्या आठवड्यात ती बोळ ओलांडून नाउटांच्या खोलीत गेली. विआर्डांना ते फार लागलं. चार वर्षं त्यांनी तिलाही टोपीच उचलून दाखवली.

जानेवारीत तिचा प्रबंध छापून आला. एका विशिष्ट कुळातल्या संख्यांपैकी एकीत तरी तीन गुण एकाच वेळी असतात, असं तिने सिद्ध केलं होतं. ती संख्या कोणती, याबद्दल अक्षर नव्हतं. असला पुरावा विआर्डांच्या लेखी म्हणजे भिंतीवर टांगलेली रिकामी चौकट. त्यांनी पुस्तक मिटलं, रागारागाने फिरायला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी आटोपताच कोरा कागद घेऊन ती संख्या शोधायला बसले. दावा किती पोकळ आहे ते कळावं म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

कुळातल्या संख्या क्रमाने घ्यायच्या, तपासायच्या, काट मारायची, पुढची घ्यायची. विद्यापीठाच्या तळघरात कपाटाएवढं नवं गणनयंत्र आलं होतं, पण त्याच्याकडे विआर्डा फिरकले नाहीत. यंत्राने केलं ते यंत्राला माहीत, मी केलं नाही ते मला कसं माहीत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. अकरा आठवडे त्यांनी हाताने बेरजा-गुणाकार केले. गेल्या मंगळवारी सकाळी एक अकरा अंकी संख्या पहिल्या गुणाला उतरली, दुसऱ्याला उतरली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तिसऱ्यालाही उतरली. त्या दुपारी त्यांनी कॉफीबरोबर डब्यातून दुसरं बिस्किट उचललं. त्यांच्या घरात, गावातल्या बहुतेक घरांतल्यासारखं, एका कपाला एकच बिस्किट असे. रिन्स्केने नवऱ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

सांगणार काय? हे कागद सभेत काढले असते तर लोक म्हणाले असते, पोरीला चार वर्षांत जमलं नाही ते म्हाताऱ्याने अकरा आठवड्यांत केलं. न काढावेत तर रोजचा प्रश्न विचारायला तोंड कुठे उरतं? सात पानं खिशात घालून ते निघाले खरे, पण त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आफकेचे वडील गळ्याशी काचणाऱ्या कॉलरमध्ये बोट घालून बसले होते. आफके काळ्या पोशाखात मधोमध उभी होती आणि तिच्या मागे रिवाजाप्रमाणे तिच्या दोन मैत्रिणी. तीन परीक्षकांचे प्रश्न झाले. तिने प्रत्येकाला नीट, घाई न करता उत्तर दिलं. विआर्डांची पाळी आली तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. ते उठले तशी सभागृहातली कुजबुज थांबली.

"सन्माननीय उमेदवार, पान त्रेसष्ट. आपण लिहिता, 'म्हणून अशी संख्या आहे.' ती कोणती?"

"मला माहीत नाही, परमविद्वान प्रतिपक्षी." सभेत असंच म्हणायची पद्धत होती.

"किती अंकी असेल?"

"तेही माहीत नाही."

"अमुक ठिकाणापर्यंत शोधली की सापडेलच, अशी एखादी हद्द?"

"नाही."

"म्हणजे उद्या सकाळी मी पहिल्यापासून तपासायला बसलो, तर मला किती दिवस बसावं लागेल?"

लोक हसले. आफके हसली नाही.

"ते सांगता येणार नाही. पण तुम्ही कधीतरी उठाल. एवढं मी सिद्ध केलं आहे."

विआर्डांचा हात झग्यावरून छातीकडे गेला. आपण मंगळवारी उठलो, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं.

"आणि तोपर्यंत, आपल्या मते, ती कुठे असते?"

नाउटा खुर्चीत पुढे सरकले.

"धुकं पडलं की माझे वडील नावेवर भोंगा वाजवायचे," आफके म्हणाली. "आवाज परत आला की म्हणायचे, काठ आहे. आम्हाला तर काही दिसत नसायचं. पण ते वल्हं आवरायचे."

"आणि ऐकण्यात चूक झाली तर?"

"मग काठ किती लांब ते चुकायचं. काठ आहे, हे नाही चुकायचं."

पहिल्या रांगेतला नावाडी कॉलरमधलं बोट काढून ताठ बसला. विआर्डा तिच्याकडे पाहत राहिले. कागद काढायचे तर हीच वेळ होती. ते म्हणाले, "आभारी आहे. माझं झालं," आणि खाली बसले. अजून पाच मिनिटं शिल्लक होती. टामिंगाला दंड घेऊन दाराबाहेर नुसतं उभं राहावं लागलं, आणि असं त्याच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

आतल्या खोलीत पदवीवर सगळ्यांचे हात वर झाले. सन्मानासाठी चिठ्ठ्या पडल्या. रेक्टरांनी चार उघडल्या, चारांवर 'होय'. पाचवी उघडून त्यांनी ती वाचली, उलटून पाहिली आणि पुन्हा वाचली.

"पाचही होय," ते म्हणाले.

कुणी कुणाकडे न पाहिल्यासारखं करून सगळे विआर्डांकडेच पाहू लागले. नाउटांना राहवलं नाही.

"सित्से, पान त्रेसष्ट...?"

"माझं समाधान झालं."

"कशाने?"

"तिच्या उत्तराने."

हे अर्धं खोटं होतं. गणिताच्या बाबतीत ते आजवर खोटं बोलले नव्हते, आणि त्यांचे कान तापले. खोलीच्या कोपऱ्यात उट्रेख्टहून नुसता पाहुणा म्हणून आलेला, मताचा अधिकार नसलेला हेरिट फोस बसला होता. त्यांच्या मताची जी सहा माणसं देशात उरली होती त्यांतला हा सगळ्यात कडवा. धर्मोपदेशकाला गुत्त्यातून बाहेर पडताना पाहावं तसा तो त्यांच्याकडे पाहत होता. उद्या बाकीच्या पाचांना पत्रं जाणार, हे विआर्डांनी ओळखलं. तरीही त्यांना आतून बरं वाटत होतं. संख्या होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती, डोळ्यांनी पाहिली होती. मग होय लिहायला अडचण कसली? श्रेय पोरीला गेलं तर जाऊ दे.

स्वागताच्या दालनात मीठ लावलेली हेरिंग मासळी, काळ्या पावाचे तुकडे आणि जेनेव्हर दारूचे छोटे पेले मांडले होते. अभिनंदनाची रांग दारापर्यंत गेली होती. आफकेने हातातली फुलं आईकडे दिली, रांग तशीच सोडली आणि ती खिडकीशी उभ्या असलेल्या विआर्डांपुढे येऊन थांबली.

"तुम्ही होय लिहिलंत."

"मतं गुप्त असतात."

"पाचपैकी पाच. मलाही मोजता येतं, प्रोफेसर."

"मग अभिनंदन."

"का लिहिलंत?"

ते पेल्यात पाहू लागले.

"सगळे म्हणताहेत, म्हातारा विरघळला," ती दबल्या आवाजात म्हणाली. "रिन्स्केमावशी तर माझ्या गळ्यात पडून रडल्या. नाउटा सर खूश आहेत. पण मला हे नको होतं. चार वर्षं मी तुमच्या त्या एका प्रश्नाची तयारी केली. रात्री उठून उत्तरं लिहिली, फाडली. इतरांनी फुकट काही दिलं असतं तरी चाललं असतं, तुमच्याकडून नको. मी आत्ता जाऊन रेक्टरांना सांगते, सन्मान परत घ्या."

"वेडी आहेस का? जागा जाईल."

"जाऊ दे. शिकवीन अपूर्णांक."

तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग येत होता. ती खरंच वळली. बोललेलं करून दाखवणारी होती ती, हे विआर्डांना सूप न पिता गेलेल्या त्या गुरुवारपासून ठाऊक होतं.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी झग्यात हात घातला. घडी आत घट्ट बसली होती, ती ओढताना खिशाचं अस्तर फाटलं. "दया नाही केली. हे घे."

तिने पहिलं पान पाहिलं, मग एकदम शेवटचं. पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"सापडली?"

"अकरा आठवडे लागले."

"हाताने?"

"मग काय पायाने?"

तिला हसू फुटलं, आणि हसताना डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. "म्हणजे आहे! तुम्ही समोर उभे राहून मला विचारत होतात, आणि ती तुमच्या खिशात!" तिने कागद कट्ट्यावर पसरले. पाहुणे, फुलं, रांग सगळं विसरून ती अकरा अंकी आकड्यावर वाकली. मग तिचं बोट ओळींवरून फिरू लागलं आणि ओठ हलू लागले. ताळा घेतल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. विआर्डा हात मागे बांधून उभे राहिले. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

चौथ्या पानावर बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा त्याच जागी येऊन थांबलं.

ते थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन वर्षं त्यांनी ते पाहिलं होतं, बहुतेक वेळा तिच्या वहीवर आणि दोनदा त्यांच्या स्वतःच्या.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

ती मान वर करेना.

"आफके, कुठे?"

"अकरावी ओळ."

त्यांनी चष्मा चढवला. सात, आठ, नऊ आणि तीन, सत्तावीस, सात लिहिले, हातचे दोन. कागदावर मात्र त्यांच्याच सुबक अक्षरांत हातचा एक धरलेला होता. तिथून पुढची प्रत्येक ओळ त्या एकाने सरकलेली होती. त्यांनी मनातल्या मनात शेवटपर्यंत पुन्हा केलं, मग आणखी एकदा केलं. पहिला गुण राहत होता, दुसरा राहत होता. तिसरा नव्हता.

"दोन होते हातचे," ते म्हणाले.

"हो."

"एक धरला मी."

"हो."

तळघरातल्या यंत्राने ही चूक केली नसती. दालनाच्या पलीकडच्या टोकाला रेक्टर रिन्स्केशी बोलत हसत होते. मधे फार तर वीस पावलं होती. ज्या संख्येच्या भरवशावर विआर्डांनी होय लिहिलं ती संख्याच नव्हती; त्यांनी पाहिलं ते खोटं होतं. आयुष्यभर ते ज्या रीतीने वागत आले त्या रीतीने आता एकच गोष्ट करायची उरली होती. त्यांनी एक पाऊल टाकलं.

"सांगायचं असेल तर सांगा त्यांना," आफके म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "मी अडवणार नाही."

ते थांबले. तिच्याकडे वळले.

"त्रेसष्टाव्या पानावर तू कुठे हातचा विसरली नाहीस ना?"

"नाही."

"तपासलंस?"

"नऊ वेळा. तुमच्या डोळ्यांनी."

त्यांनी मान हलवली. हेरिंगची बशी बाजूला सारून तिथे कोपर टेकलं, झग्याखालच्या कोटातून पेन्सिल काढली आणि त्या अकरा अंकी संख्येवर एक सरळ काट मारली.

"ही नव्हे," ते पुटपुटले. "म्हणजे ती हिच्या पुढे कुठेतरी आहे."

आफकेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते चौथं पान उलटून मागची कोरी बाजू सपाट करत होते.